पडद्यावर वारंवार मरणारी अभिनेत्री : ॲना मे वाँग आणि विवाहाचा कायदा

१/ हॉलिवूडच्या इतिहासात ॲना मे वाँग (१९०५–१९६१) हे नाव बहुधा एका ओळीत आटोपले जाते : अमेरिकेतील पहिली चिनी वंशाची चित्रतारका. विधान खरे आहे, पण अपुरे आहे. मूकपटांपासून दूरचित्रवाणीपर्यंत सुमारे चार दशके तिने काम केले आणि त्यांतील अनेक गाजलेल्या चित्रपटांच्या अखेरीस तिचे पात्र मरण पावते. कधी आत्महत्या, कधी खून, कधी अपघात. हे मृत्यू केवळ पटकथाकारांच्या लहरीतून आलेले नाहीत. त्यांचे मूळ अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकांत शोधावे लागते. थ्रेड. 🧵

२/ ३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजेलिस येथे तिचा जन्म झाला. घरचे नाव वाँग लिऊ त्सोंग. चिनी प्रथेप्रमाणे 'वाँग' हे आडनाव आधी येते, आणि 'लिऊ त्सोंग' म्हणजे विलो वृक्षावरचे हिमकण. वडिलांची लाँड्री होती. आईवडील दोघेही कॅलिफोर्नियातच जन्मले होते. आजोबांची पिढी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चीनमधून आली होती. म्हणजे ही मुलगी अमेरिकेत वाढलेल्या तिसऱ्या पिढीची होती. तिच्याकडे पाहणाऱ्या शासनाला मात्र हे कधीच पुरेसे वाटले नाही.

३/ १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घातली आणि चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व मिळण्याचा मार्ग बंद केला. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला : अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेली चिनी वंशाची व्यक्ती ही जन्मतः नागरिक होय. (केवळ आडनाव समान. या वाँगचा आपल्या अभिनेत्रीशी नातेसंबंध नव्हता.) त्यामुळे ॲना मे जन्माने अमेरिकी नागरिक ठरली, निदान कागदोपत्री.

४/ कागद मात्र वेगळेच बोलत होते. देशाबाहेर जाऊन परत यायचे असेल, तर तिला स्थलांतर खात्याचा ४३० क्रमांकाचा अर्ज भरावा लागे. त्या अर्जाच्या शीर्षकातच अर्जदाराचे वर्णन 'चिनी वंशाचा कथित अमेरिकी नागरिक' असे होते. तिने भरलेले असे अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेले आहेत. जिचे छायाचित्र युरोपातील नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होते, ती स्वतःच्या देशाच्या दप्तरी 'कथित' होती.

५/ आता दुसरा कायदा, विवाहाचा. १८८० साली कॅलिफोर्नियाने गोऱ्या व्यक्तीस 'मंगोलियन' व्यक्तीशी लग्न करण्यासाठी परवाना देणे बंद केले. या शब्दात चिनी लोक मोडत. १९०५ साली, म्हणजे नेमक्या तिच्या जन्मवर्षी, असे विवाहच कायद्याने निरर्थक ठरवले गेले. १९२२ चा केबल कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला : नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावी. ही तरतूद १९३१ मध्ये रद्द झाली.

६/ या दोन कायद्यांची बेरीज करून पाहा. तरुणपणी तिने गोऱ्या पुरुषाशी लग्न केले असते, तर तिच्या राज्यात ते लग्नच ठरले नसते. चीनहून आलेल्या पुरुषाशी केले असते, तर नागरिकत्व गेले असते. ती आयुष्यभर अविवाहित राहिली. त्यामागची खासगी कारणे तिची तिलाच ठाऊक. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढेच नोंदवावे की, तिच्यासमोरच्या वाटा तिच्या जन्माआधीपासून आखलेल्या होत्या.

७/ येथे एक शंका रास्त आहे. कायदा खऱ्या लग्नांना लागू होतो, सिनेमा तर कल्पित. मग पडद्यावर त्याचे बंधन कशासाठी? उत्तर बाजारात आहे. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय आहे, त्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे राज्याराज्यांतील सेन्सॉर मंडळे दृश्ये कापू शकत किंवा संपूर्ण चित्रपट अडवू शकत. मिश्र विवाहांना बंदी असलेली राज्ये अनेक होती आणि स्टुडिओंना चित्रपट तेथेही विकायचा होता.

८/ त्यातून एक साचा तयार झाला. गोरा पुरुष आणि पूर्वेकडची स्त्री यांची प्रीती प्रेक्षकांना हवी होती; ती तिकिटे खपवत होती. परंतु त्या प्रीतीचा शेवट लग्नात होता कामा नये. मग कथा संपवायची कशी? नायक घरी परततो, गोऱ्या स्त्रीशी संसार मांडतो, आणि पूर्वेकडची स्त्री वाटेतून दूर होते. दूर होण्याचा सर्वांत सोयीस्कर मार्ग म्हणजे मृत्यू. 'मॅडम बटरफ्लाय'ची कथा त्या काळी पुनःपुन्हा सांगितली गेली, त्याचे एक कारण हे होते.

९/ ॲना मे शाळा बुडवून लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरची चित्रीकरणे पाहत असे. १९१९ च्या 'द रेड लँटर्न' या चित्रपटात शेकडो एक्स्ट्रा कलाकारांच्या घोळक्यात ती प्रथम पडद्यावर आली. तीनच वर्षांनी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती 'द टोल ऑफ द सी' (१९२२) या चित्रपटाची नायिका झाली. टेक्निकलरच्या दोन रंगांच्या पद्धतीने बनलेला हा आरंभीचा पूर्ण लांबीचा चित्रपट. रंगीत सिनेमाच्या इतिहासातील पहिल्या नायिकांपैकी एक म्हणून तिचे नाव येते ते यामुळे.

१०/ कथा बटरफ्लायचीच, फक्त जपानऐवजी चीनमध्ये घडणारी. लोटस फ्लॉवर नावाची मुलगी समुद्रात वाहून आलेल्या अमेरिकी तरुणाला वाचवते आणि त्याच्याशी चिनी पद्धतीने लग्न करते. तो निघून जातो, अमेरिकी पत्नीसह परततो. ती आपले मूल त्या दांपत्याच्या स्वाधीन करते आणि समुद्रात चालत जाते. सतरा वर्षांच्या मुलीचा तो संयत अभिनय आजही थक्क करतो. तिच्या कारकिर्दीचा आराखडाही या पहिल्याच प्रमुख भूमिकेत दिसून येतो.

११/ १९२४ च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये डग्लस फेअरबँक्ससमोर मंगोल दासीच्या भूमिकेने तिला जगभर ओळख दिली. पण ओळखीबरोबर मोठ्या भूमिका आल्या नाहीत. गोऱ्या कलाकारांनी रंगरंगोटी करून आशियाई पात्रे साकारण्याची, म्हणजे 'यलोफेस'ची, प्रथा तेव्हा सर्वमान्य होती. 'मिस्टर वू' (१९२७) मध्ये चिनी नायिकेची भूमिका रेने आदोरे या फ्रेंच अभिनेत्रीने केली आणि खऱ्या चिनी वंशाच्या ॲना मेच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली. नायिकेने गोऱ्या नायकाच्या मिठीत जायचे असेल, तर मेकअपखाली ती गोरीच असलेली बरी, असा हा हिशेब होता.

१२/ १९२८ मध्ये ती युरोपला निघाली. बर्लिनमध्ये दिग्दर्शक रिशार्ड आयशबर्ग यांनी तिला घेऊन 'साँग' हा चित्रपट केला. त्याच वर्षी तत्त्वचिंतक वाल्टर बेन्यामिन तिला भेटले आणि त्या भेटीवर त्यांनी लेख लिहिला. लंडनमध्ये 'पिकॅडिली' (१९२९) आला. नाइटक्लबच्या मोरीत भांडी घासणारी शोशो तेथील प्रमुख नर्तकी होते, क्लबचा गोरा मालक तिच्यावर भाळतो. तिच्या मूकपटांतील ही सर्वोत्तम भूमिका मानली जाते. शेवटी शोशोचा खून होतो. 'साँग'मधील नायिकाही जगत नाही.

१३/ युरोपात कॅलिफोर्नियाचा कायदा नव्हता. तरीही शेवट तेच राहिले. कारण ज्या समाजांपुढे हे चित्रपट दाखवायचे होते, त्यांतील वर्णविषयक समजुती कायद्याच्या हद्दीवर थांबत नव्हत्या. मात्र अभिनेत्री म्हणून तिला तेथे वाढता आले. लंडनच्या रंगभूमीवर लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासह काम करताना समीक्षकांनी तिच्या अमेरिकी उच्चारांची टर उडवली. तिने उच्चारांचे शिक्षण घेतले, जर्मन शिकली, आणि १९३० च्या आपल्या पहिल्या बोलपटाच्या इंग्रजी, जर्मन व फ्रेंच अशा तिन्ही आवृत्त्यांत भूमिका केली.

१४/ परतल्यावर पॅरामाउंटने तिला 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' (१९३१) दिला. मानधनाचे आकडे बोलके आहेत. प्रमुख भूमिकेसाठी तिला ६,००० डॉलर मिळाले. जपानी अभिनेते सेसू हायाकावा यांना १०,०००. फू मांचू झालेले, स्वीडनमध्ये जन्मलेले वॉर्नर ओलंड पडद्यावर जेमतेम २३ मिनिटे दिसतात, त्यांना १२,०००. पुढच्या वर्षीच्या 'शांघाय एक्सप्रेस'मध्येही तिला ६,००० डॉलर मिळाले, तर मार्लेन डिट्रिश यांना ७८,००० हून अधिक.

१५/ 'शांघाय एक्सप्रेस' पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यातील हुई फे जिवंत राहते. अत्याचार करणाऱ्या बंडखोर सेनानीला ती स्वतःच्या हातांनी ठार करते आणि ताठ मानेने निघून जाते. या पात्राचे कोणत्याही गोऱ्या पुरुषाशी प्रेमप्रकरण नाही. प्रेम डिट्रिशच्या वाट्याला आले आहे. जगणे आणि प्रेम यांपैकी एकच मिळेल, असा हा अलिखित करार होता. पुढील काही चित्रपटांतून तो अधिक स्पष्ट होतो.

१६/ १९३३ साली इंग्लंडमधील एका चित्रपट साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत तिने उघड निषेध नोंदवला : पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खलनायकच का असतो? पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, हॉलिवूडची प्रॉडक्शन कोड ही आचारसंहिता काटेकोरपणे अमलात येऊ लागली. 'कोडने गोऱ्या आणि आशियाई पात्रांच्या प्रेमावर बंदी घातली' असे विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते. कोडच्या मजकुरात मात्र केवळ गोऱ्या आणि कृष्णवर्णीय यांच्या संबंधांचा उल्लेख आहे.

१७/ हा भेद क्षुल्लक नाही. लिखित नियमात आशियाई लोक नव्हते. त्यांना त्या नियमाखाली आणले ते व्यवहाराने. राज्यांचे विवाहविषयक कायदे डोळ्यांसमोर होते, वितरकांची धास्ती होती, आणि स्टुडिओंना स्वतःहून सावध राहायची सवय जडली होती. म्हणून केवळ नियम वाचून इतिहास समजत नाही. नियमाच्या नावाखाली लोक काय करत होते, हेही पाहावे लागते. १९३४ च्या 'जावा हेड' या ब्रिटिश चित्रपटात तिने पडद्यावरील गोऱ्या पतीचे चुंबन घेतले. प्रमुख नायकाचे तिने घेतलेले हे एकमेव चुंबन. त्या पात्राचाही शेवट मृत्यूच.

१८/ सर्वांत मोठा आघात 'द गुड अर्थ'चा. चिनी शेतकरी कुटुंबावरच्या पर्ल बक यांच्या कादंबरीवर एमजीएम मोठ्या खर्चाचा चित्रपट करत होते. ओ-लान या नायिकेची भूमिका मिळावी ही तिची तीव्र इच्छा होती. नायक वांग लुंगसाठी पॉल म्युनी निश्चित झाले. नायक गोरा, मग पत्नीही गोरीच हवी. ओ-लान झाली जर्मनीत जन्मलेली लुइझे रायनर, आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करही मिळाले. वाँगचा विचार झाला तो घर बुडवणाऱ्या उपपत्नीच्या, लोटसच्या, भूमिकेसाठी. तिने नकार दिला.

१९/ या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. चित्रपटासाठी नेमलेल्या चिनी सल्लागाराचाही तिला विरोध होता. दासी, गुप्तहेर आणि गणिका साकारून ती चीनची बदनामी करते, अशी तेथील टीका होती. १९३६ च्या जानेवारीत ती चीनला निघाली. पूर्वजांचा देश प्रथमच पाहायला. शांघायमध्ये तिला दुभाष्या लागला, कारण घरी बोलली जाणारी दक्षिणेकडची बोली आणि उत्तरेची मँडरिन यांत मोठे अंतर. जे तिच्यासाठी अमेरिकेने लिहिले होते, त्याचा जाब चीनने तिला विचारला. उत्तर साधे होते : मिळतील त्याच भूमिका कराव्या लागतात.

२०/ परतल्यावर पॅरामाउंटने तिला कमी खर्चाच्या चित्रपटांची मालिका दिली. इतिहासाला प्रयोगशाळा नसते असे म्हणतात, पण येथे जवळजवळ तशीच संधी मिळते. स्टुडिओ एक, दिग्दर्शक रॉबर्ट फ्लोरी एक, नायिका एक, आणि दोन्ही चित्रपटांत अवघ्या काही महिन्यांचे अंतर. 'डॉटर ऑफ शांघाय' (१९३७) मध्ये तिचा नायक आहे कोरियन वंशाचा अमेरिकी अभिनेता फिलिप आन. ती मानवी तस्करीचा छडा लावते, जगते, आणि कथा लग्नाच्या मागणीपाशी संपते. 'डेंजरस टू नो' (१९३८) मध्ये तिचे प्रेम आहे एका गोऱ्या गुंडावर. तेथे ती आत्महत्या करते.

२१/ 'किंग ऑफ चायनाटाउन' (१९३९) मध्ये ती शल्यचिकित्सक झाली. जोडीदार पुन्हा फिलिप आन, आणि ती पुन्हा जगली. १९४२ मध्ये तिने जपानी आक्रमणाविरुद्धच्या चिनी संघर्षावर दोन लहान चित्रपट केले आणि त्यांचे मानधन चीनच्या मदतनिधीला दिले. चीन आता अमेरिकेचा मित्र होता. १९४३ मध्ये बहिष्कार कायदा रद्द झाला, पण वर्षाला अवघ्या १०५ चिनी लोकांना प्रवेश मिळाला. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मिश्र विवाहांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. तेव्हा ती ४३ वर्षांची होती.

२२/ २७ ऑगस्ट १९५१ रोजी ड्युमाँट या दूरचित्रवाणी वाहिनीवर 'द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग' ही मालिका सुरू झाली. आशियाई वंशाच्या अमेरिकी कलाकाराची प्रमुख भूमिका असलेली अमेरिकेतील ही पहिली मालिका. नायिका कलावस्तूंच्या दालनाची मालकीण असून गुन्ह्यांचा शोध लावते. नावाकडे पाहा. लिऊ त्सोंग हे तिचे जन्मनाव. तीस वर्षे इतरांनी दिलेली नावे लावून मरणारी अभिनेत्री येथे स्वतःच्या नावाने, शहाणी, स्वावलंबी आणि जिवंत अशी घराघरांत पोहोचली. मालिका त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपली.

२३/ आज त्या मालिकेचा एकही भाग उपलब्ध नाही. त्या काळी थेट प्रक्षेपण जपायचे, तर पडद्यासमोर कॅमेरा लावून त्याची फिल्म काढावी लागे. ड्युमाँट १९५६ मध्ये बंद पडली. तिच्या फिल्मसाठ्याचे काय झाले, याविषयी अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली : सत्तरच्या दशकात तो साठा ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवण्यात आला. साठवणुकीचा खर्च कोणी करायचा, एवढाच वाद होता.

२४/ पुढे ती दूरचित्रवाणीवर पाहुण्या भूमिका करत राहिली. १९६० मध्ये हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर तिच्या नावाचा तारा बसला. 'फ्लॉवर ड्रम साँग' या आशियाई कलाकारांच्या मोठ्या चित्रपटात तिची भूमिका ठरली होती, परंतु ३ फेब्रुवारी १९६१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तिचे निधन झाले. वय ५६. मिश्र विवाहांवरची बंदी संपूर्ण देशातून उठली ती त्यानंतर सहा वर्षांनी, १९६७ च्या लव्हिंग खटल्यात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या २५ सेंटच्या नाण्यावर तिची प्रतिमा आली. अमेरिकी चलनावर आलेली ती पहिली आशियाई अमेरिकी व्यक्ती.

२५/ नाणे हा सन्मान आहेच. पण ज्या शासनाने तिला 'कथित नागरिक' म्हटले, त्याच शासनाच्या टांकसाळीतून ते आले, हेही विसरू नये. तिच्या कारकिर्दीचे जे दर्शन आज सहज घडते, त्यात तिचे मृत्यू अधिक आहेत. जिथे ती स्वतःच्या नावाने जगली, तो भाग खाडीच्या तळाशी आहे. काय टिकले यावरून काय घडले हे ठरवण्याची घाई अभ्यासकाने करू नये, याचे हे ठळक उदाहरण.

२६/ पाहायचे असेल तर 'पिकॅडिली' आणि 'डॉटर ऑफ शांघाय' एकापाठोपाठ पाहा. मग 'द टोल ऑफ द सी'कडे वळा. त्याची मूळ निगेटिव्ह सापडली तेव्हा शेवटचा भाग गहाळ होता. १९८५ मध्ये जीर्णोद्धार करताना जुन्याच दोन रंगांच्या कॅमेऱ्याने समुद्राची नवी दृश्ये टिपून तो शेवट पुरा करण्यात आला. त्यामुळे उपलब्ध प्रतीत लोटस फ्लॉवर बुडताना दिसत नाही. दिसतो तो फक्त समुद्र.